घोरपडीच्या कपारीत

कपारीत शिरायचं तर आधी श्वास सगळा सोडायचा. मग उजवा खांदा आत, मग मान तिरकी करून डोकं. पोट मागून आपोआप येतं. भरपेट जेवून आलेलं पोर मध्येच अडकतं आणि रडायला लागतं. त्याला पाय धरून मागे ओढावं लागतं.

०

महाड-पोलादपूर गाडीत कंडक्टर ओरडला, "हाफ तिकीटवाले उठा रे, मोठ्या माणसांना बसू द्या." तीन पोरं उठली. जागा मिळालेल्या बाईने एका सीटवर स्वतः बसून घेतलं आणि शेजारच्या सीटवर कोंबड्यांची पाटी ठेवली.

०

रामजीच्या बाराव्याला वाडीतल्या थोरल्या हैबतीआबाने रामजीचीच टोपी रामजीच्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवली. "आता घर म्हंजे तू," तो म्हणाला. टोपी नाकावर घसरली. घराने ती दोन्ही हातांनी वर ढकलली.

०

"बाजूला सर." "मधी तोंड घालू नको." "एवढी मोठी झाली तरी अक्कल नाय." "तुला काय कळतंय, लहान हायस अजून." शेवटची दोन वाक्यं एकाच माणसाची, एकाच सकाळची, एकाच मुलीला.

०

आंबेनळी घाटाच्या बाजूला रस्त्यासाठी पहिला सुरुंग उडाला तेव्हा माळावरच्या सगळ्या शेळ्या एकदम खाली बसल्या. हे त्याच मुलीने पाहिलं. संध्याकाळी ती घरी सांगायला गेली, तेव्हा चुलीवर भात उतू जात होता.

०

ती मुलगी ललिता. रामजीची थोरली, वय तेरा. टोपीवाला तो तिचा भाऊ सोमा, आता नऊ वर्षांचा. गौरी-गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपून वरच्या वाडीची गावकी देवळाच्या सभामंडपात बसली, तेव्हा ललिता तिसरा हंडा घेऊन पायऱ्या चढत होती. गावकीला चहा लागतो आणि चहाला पाणी. तिने हंडा टेकवला, चुंबळ झटकली आणि खांबाआडून आत पाहिलं. सोमा शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. टोपी आता भुवयांपर्यंत येत होती.

वरची वाडी कापडे गावाच्या वर, चढणीने तासाभरावर. एकोणीस घरं. गावकीत घरटी एक पुरुष बसतो, आणि ज्या घरात पुरुष उरलेला नाही त्या घरातलं पोर बसतं. पोराला तिथे पोर म्हणून धरत नाहीत. देवळाची कौलं चाळायची असोत, पावसाने वाहून गेलेली वाट बांधायची असो, त्या घराचा एक माणूस म्हणून त्याचं नाव पुकारलं जातं आणि त्याची आई नाहीतर बहीण जाऊन ते काम करून येते. बोलायच्या वेळी मात्र ते पुन्हा पोर होतं. हा नियम कुणी केलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नाही. सोमा तीन वर्षं गावकीत बसत होता. तीन वर्षांत त्याने तिथे दोनदा तोंड उघडलं होतं, एकदा जांभईसाठी आणि एकदा शिंकेसाठी.

आज त्याला तिसऱ्यांदा उघडायचं होतं.

विषय नळाचा होता. सरकारी योजनेत वाडीचं नाव लागलं होतं. पाणी कुठल्या झऱ्यावरून घ्यायचं ते फॉर्मवर लिहून, एकोणीस घरांच्या सह्या घालून, फॉर्म उद्या पोलादपूरला द्यायचा होता. मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचे सेक्रेटरी अरविंदकाका उद्या सकाळच्या गाडीने परत निघणार, ते देऊन पुढे जाणार. झरा कुठला, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. चाफ्याचं पाणी. माळावरचा जुना झरा. तिथलं पाणी पिऊनच आत बसलेला प्रत्येक जण मोठा झाला होता.

आणि चाफ्याचं पाणी आटतं, हे आत बसलेल्यांपैकी फक्त सोमाला माहीत होतं.

सुरुंग उडाले त्या सालापासून ते आटायला लागलं होतं. शिवरात्र आली की दगडाला नुसता ओलावा राहायचा, पुढे तोही जायचा. पण शिवरात्रीनंतर माळावर मोठं माणूस चढतंय कशाला? गवत संपलेलं असतं, कामं सगळी खाली. शेळ्या घेऊन पोरं जातात. बायका पाणी भरतात ते तळीच्या विहिरीवरून, आणि विहीर माघात आटली की पाणी आणायचं काम मुलींवर येतं. मुली जातात घोरपडीच्या कपारीकडे. कपारीतून तांब्यातांब्याने कळशी भरते. दिवसाला चार खेपा झाल्या की दिवस संपतो.

गेल्या वर्षी त्या चार खेपांत ललिताची सातवीची परीक्षा गेली होती. गुरुजींनी समजून घेऊन वर ढकललं. खालच्या हायस्कूलचे सर मात्र जूनमध्येच म्हणाले होते, आठवीला पेपर दिल्याशिवाय वर नाही. ललिताने हे आईला, साळूबाईला, येऊन सांगितलं. साळूबाई तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली नाही.

"नळ आला तर जा बाय. नाय आला तर मी काय करू, तूच सांग."

ती चिडून बोलली असती तर ललिताने हट्ट केला असता.

०

तालमी चार दिवस चालल्या होत्या. माळावर, शेळ्यांपुढे. सोमाला एका दगडावर उभं करून ललिता समोर बसायची आणि हैबतीआबासारखे डोळे बारीक करायची. वाक्यं दोनच. चाफ्याचं पाणी शिवरात्रीला आटतं. घोरपडीच्या कपारीत मागं डोह हाय, तो वैशाखातबी आटत नाय.

"मोठ्यानं बोल."

"मोठ्यानंच बोलतोय."

"आबाला कमी ऐकू येतं."

"त्याला पायजे तेवढं येतं," सोमा म्हणाला.

"मग पायजे तसं बोल."

"तूच का नाय बोलत? तुला तर सगळं येतं."

ललिताने एका शेळीला हाक मारली. शेळी कुठेच चालली नव्हती.

०

अरविंदकाकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. मुंबईला एका कंपनीच्या गोदामात ते हिशेबनीस होते, आणि वाडीत कागद हातात धरायचं काम आपसूक त्यांच्याकडे यायचं. माणूस चांगला होता. सुट्टीवर आला की पोरांना गोळ्या वाटायचा, नावं विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा.

"सोर्स," त्यांनी वाचलं. "म्हणजे पाणी कुठून घेणार ते. चाफ्याचं पाणी. फायनल ना? कुणाला काही बोलायचंय?"

हे विचारायची रीत होती. यानंतर माना हलायच्या आणि चहा यायचा. माना हलायला लागल्याही होत्या.

"चाफ्याचं पाणी शिवरात्रीला आटतं," सोमा म्हणाला.

तो बसूनच बोलला होता. उभं राहायचं विसरला. आवाज कुठून आला म्हणून पुढच्या दोघाचौघांनी आधी छताकडे पाहिलं.

"आं? कोण बोललं?"

"रामजीचं पोर."

"बोललं की रे! आता कविता म्हण एखादी."

"अरे, त्याला मुतायला जायचं असंल, सोडा त्याला."

सभामंडप हसला. हसण्यात वाकडं काहीच नव्हतं; कुत्र्याचं पिल्लू मांडवात शिरलं तर असंच हसतात. हैबतीआबाने हात वर केला, तसं हसू बसलं.

"काय म्हणतो रे? चाफ्याचं पाणी आटतं? आरं, मी तुझ्याएवढा होतो तवा चैताच्या उन्हात गुरं घेऊन तितंच पडलेला असायचो. माझा आजाबी तितंच. ते पाणी कुणाच्या बापाला आटलं नाय."

"आता आटतं," सोमा म्हणाला, आणि थांबला. दुसरं वाक्य यायला हवं होतं. त्याने टोपी वर ढकलली आणि दाराकडे पाहिलं.

ललिता दारात चहाची किटली घेऊन उभी होती. किटली दोन्ही हातांत, फडकं किटलीच्या कानाला गुंडाळलेलं. ती ठेवावी की धरून ठेवावी हे तिला कळेना.

"घोरपडीच्या कपारीत मागं डोह हाय," ती म्हणाली. "वैशाखातबी माझ्या कंबरेला लागतं पाणी. त्यो खरं सांगतोय."

या वेळी कुणी हसलं नाही. कोंडाजीने मांडी बदलली. कोंडाजीला बोलायला आवडायचं आणि गावकीत त्याचं बोलणं चालायचं.

"साळूबाईचं घर एक का दोन?" तो म्हणाला. "तेवढं ठरवून सांगा. म्हंजे कुणाचं ऐकायचं ते कळंल."

"चहा ठेव गो आणि जा," हैबतीआबा म्हणाला. रागाने नाही. "घर आत बसलंय ना?"

ललिताने किटली खाली ठेवली. पण गेली नाही. "एकदा चला तरी कुणी," ती म्हणाली. "लांब नाय. मी दाखवते."

"कपारीत?" कोंडाजी म्हणाला. "मी शिरलो तर मला काढायला आंबेनळीचे सुरुंगवाले आणावे लागतील."

आता मात्र सगळे हसले, आणि त्या हसण्याच्या आडून अरविंदकाका उठले. फॉर्म त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

"बघून येतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. पोरगी एवढं म्हणतेय तर. चल गं. काय नाव तुझं?"

कालच विचारलं होतं.

"ललिता."

०

वाट कड्याच्या पोटातून जाते. अरविंदकाकांच्या पायात मुंबईची चप्पल होती. ते दोनदा घसरले आणि दोनदा "सॉरी" म्हणाले. कुणाला, ते ललिताला कळलं नाही. ती पुढे चालत होती आणि मुद्दाम हळू चालत होती. तिला पळायचं होतं. कुणीतरी मोठं माणूस आपल्या मागून येतंय, आपण वळलो की वळतंय, ही गोष्ट तिच्या आयुष्यात आधी झालेली नव्हती. वळणावर एक काटेरी फांदी तिने हाताने बाजूला धरली आणि ते पुढे जाईपर्यंत धरून ठेवली.

कपारीच्या तोंडाशी पोरांनी लपवलेली काठी होती. ती तिने दगडामागून काढली.

"हे काय?"

"मोजायची काठी." तिने काठीवर कोयत्याने पाडलेल्या खाचा दाखवल्या. "ही होळीची. ही पाडव्याची. ही खालची वैशाखातली. तिच्या खाली कधी गेलं नाय."

अरविंदकाकांनी खाचांवरून अंगठा फिरवला. एकेका खाचेवर थांबून फिरवला. हिशेबाच्या माणसाला खुणा कळतात.

"कुणी पाडल्या या?"

"आमी."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी, सोमा, कोंडाजीकाकाची सुप्रिया, अजून एकदोघं." मग तिला वाटलं, त्यांना हे विचारायचं नसावं. "पोरं," ती म्हणाली.

तिने काठी परत घेतली, श्वास सोडला आणि आत शिरली. आतला अंधार आधी काळा असतो, मग हिरवा होतो. दगड संपतो तिथे पाणी सुरू होतं, आणि पहिलं पाऊल टाकलं की थंडी टाळूपर्यंत येते. भाद्रपदात डोह भरलेला होता, तिच्या छातीला लागत होता. ती मध्यभागी जाऊन उभी राहिली. या जागी तिला कुणी कधी बाजूला सर म्हटलं नव्हतं. म्हणायला इथे कुणी पोचतच नव्हतं.

"काका! ऐकू येतंय?"

"येतंय, येतंय! सांभाळून!"

"काठी बुडाली सगळी! इकडून तिकडं बारा पावलं हाय! पाणी आतल्या बाजूनं येतं, हाताला लागतंय येताना!"

तिचा आवाज दगडांवरून फिरून मोठा होऊन बाहेर जात होता. मग कपारीच्या फटीतून एक हात आला, मनगटावर घड्याळ, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. तो हात हवेत चाचपत होता. पाण्यापर्यंत पोचायला त्याला वीतभर कमी पडत होतं. ललिता पुढे झाली आणि ओंजळीने त्या हातावर पाणी ओतलं. बोटं मिटली, उघडली, आणि हात मागे गेला.

ती बाहेर आली तेव्हा अरविंदकाका दगडावर बसून तो हात रुमालाने पुसत होते.

"पाणी आहे," ते म्हणाले.

"हाय ना?"

"आहे. पण ललिता, ऐक. बाहेर वाहत नाही ते. मला दिसत नाही. मोजता येत नाही. फॉर्मवर मी काय लिहू? उद्या पाइप टाकले आणि पाणी नाही निघालं, तर मंडळात मी काय तोंड दाखवू? एका मुलीनं सांगितलं म्हणून लिहिलं, असं सांगू?"

ललिता ओला परकर पिळत होती. पिळून झाला तरी ती तो सोडेना.

"चाफ्याचं कसं म्हाइत तुम्हाला?"

"अगं, ते माहीतच आहे. मी स्वतः वैशाखात डुंबलोय त्यात. दुपारभर. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"कधी?"

"लहान होतो. दहा वर्षांचा असेन. दहा-अकरा."

"मी तेरा हाय," ललिता म्हणाली.

अरविंदकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते हसले. मनापासून हसले, आणि उठून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात अजून दमट होता.

"हुशार आहेस," ते म्हणाले. "खरंच सांगतो. शाळा अजिबात सोडू नकोस."

परतीच्या वाटेला ते पुढे चालत होते.

०

"काय, दिसलं का पाताळ?" कोंडाजीने विचारलं.

"पाणी आहे आत," अरविंदकाका म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या ललिताच्या परकरातून पायरीवर थेंब पडत होते. अरविंदकाका खाली बसले, चप्पल काढलेले पाय त्यांनी नीट मांडीखाली घेतले.

"पण माणूस जाऊ शकत नाही तिथे," ते म्हणाले.

"मी जाते," ललिता म्हणाली.

"माणूस म्हणाले ते," कोंडाजी म्हणाला.

कपार फोडता येईल का, असं कुणीतरी विचारलं. फोडायला परवानगी लागते, परवानगीला वर्ष जातं, तोवर योजना दुसऱ्या वाडीला जाते. तेवढ्यावर ते संपलं. सगळं रीतसर झालं. नंतर कुणी म्हणू शकलं नसतं की तिचं ऐकलं नाही. अर्धा तास गावकी थांबली होती तिच्यासाठी.

फॉर्मवर एक रकाना होता, उन्हाळ्यातल्या मोजणीचा. मिनिटाला किती लिटर. तो रिकामा होता.

"आबा, हे काय लिहू?"

हैबतीआबाने डोळे मिटले. माळ, ऊन, चाफ्याची सावली, बारा वर्षांचा स्वतः. त्याच्या तोंडावर काहीतरी मऊ आलं.

"लिही," तो म्हणाला. "बारा वर्षांचा होतो मी. हंडा लावायचा नि विडी पेटवायची. विडी पेटली की हंडा भरला."

"बारा वर्षांचा विडी ओढत होतास आबा?" कोंडाजी म्हणाला.

"मग? तुमच्यासारखा गोळ्या चघळत होतो काय?"

"म्हणजे मिनिटाला एक हंडा. वीस लिटर लिहितो."

"पंचवीस लिही. हंडे तवा मोठे होते."

त्यांनी पंचवीस लिहिलं.

मग सह्या. गावकीची वही आणि फॉर्म एकापाठोपाठ एक मांडीमांडीवरून फिरले. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे उठवले आणि डोक्याला पुसले. अठरा झाल्या.

"घर एकोणीस," अरविंदकाकांनी पुकारलं. "रामजीचं."

सोमा हलला नाही. गुडघे त्याने आणखी जवळ घेतले.

"ताय म्हणते..." तो म्हणाला.

"ताय काय म्हणते ते चुलीपाशी," हैबतीआबा म्हणाला. "हितं घर काय म्हणतं ते सांग."

सोमाने टोपी डोळ्यांवर ओढली. अरविंदकाकांनी फॉर्म उलटून पाहिला. अठरा सह्यांखाली एक रिकामी ओळ होती. एक जरी घर कमी पडलं तर खाली टेबलावरचा माणूस फॉर्म परत देतो, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी ते हळू आवाजात आबाला सांगितलं. आबाने भिंतीजवळच्या पोराकडे बराच वेळ पाहिलं. मग तो जाजमावरून थोडा सरकला. त्याच्या शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा झाली.

"या सोमाजी," तो म्हणाला. "हितं या. मागं कशाला बसला?"

कोंडाजीनेही पाय आवरून वाट करून दिली. बसलेल्यांच्या दोन ओळींमधून सोमा पुढे आला. त्याच्यासाठी कुणी पाय आवरल्याचं ललिताने आजवर पाहिलं नव्हतं. सोमानेही पाहिलं नसावं, कारण तो चालताना खाली त्या आवरलेल्या पायांकडेच पाहत होता. आबाच्या शेजारी तो मांडी घालून बसला. अरविंदकाकांनी स्वतःच्या खिशातलं पेन टोपण काढून त्याच्या हातात दिलं.

"सावकाश करा. घाई नाही."

पेन हातात धरून त्याने एकदा दाराकडे पाहिलं. ललिताने मान हलवली नाही. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पुढे कित्येक वर्षं तिला वाटत राहिलं की तेव्हा आपण मान हलवायला हवी होती, कुठल्या तरी बाजूला.

सोमाने सही केली. जीभ बाहेर काढून, शाळेत शिकवलेल्या वळणात, बापाच्या नावासकट. ओळीला धरून केली. सगळ्या एकोणीस सह्यांत तीच सर्वांत स्वच्छ वाचता येत होती.

"शाब्बास," आबा म्हणाला. "चहा आण गो आता. घराला पुरा कप दे."

पोरांना गावकीत बशीत ओतून देत. ललिताने कप घेतला, काठापर्यंत भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. सोमाने वर पाहिलं नाही. त्याने कप उचलला, फुंकर मारली आणि मोठी माणसं करतात तसा आवाज करत पहिला घोट घेतला. जीभ भाजली असावी. तोंडावर त्याने काही दाखवलं नाही.

०

घरी जाताना तो तिच्या पुढे दहा पावलं चालत होता. हात पाठीमागे बांधलेले. हैबतीआबा असंच चालतो. वळणावर, जिथून वाडी दिसत नाही तिथे, तो थांबला.

"मला दुसरं वाक्य येत होतं, ताय."

"म्हाइत हाय."

"सगळे हसले."

"म्हाइत हाय, सोमा."

त्याने हात सोडले, पुन्हा बांधले, आणि चालायला लागला.

०

गावकीची वही, पान त्रेचाळीस. विषय नळपाणी. चाफ्याचे पाणी घेण्याचे सर्वानुमते ठरले. हरकत नाही.

०

नळ पौषात आला. शिवरात्रीला आठ दिवस असताना तोटीतून नुसता वारा यायला लागला. बारकी पोरं तोटीला तोंड लावून आत ओरडायची आणि कान लावून ऐकायची.

०

खालच्या हायस्कूलचा आठवीचा हजेरीपट, मार्च. अनुक्रमांक सव्वीस, ललिता रामजी. एक तारखेपासून शेवटपर्यंत आडवी रेघ.

०

गावकी बसली त्याच्या साडेचार महिने आधी, एप्रिलमधल्या एका मंगळवारी, वाडीतली मोठी माणसं सव गावी लग्नाला गेलेली असताना, पाणीयोजनेचा ओव्हरसिअर झरे मोजायला वर चढून आला होता. ललिता त्याला अंगणात भेटली, चला दाखवते म्हणाली, त्याने मोठं कुणी नाही का घरात असं विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तो पाणी पिऊन परत गेला.